भावाच्या रक्ताचे दोन लॅबमध्ये दोन रिपोर्ट, डेंग्यू आहे की नाही? (सांखळी, गोवा)

वाळवंटीकाठ | सकाळी 8:40

नमस्कार सगळ्यांना. रात्रभर जागी आहे, लिहिण्यात चुका झाल्या तर समजून घ्या. माझा धाकटा भाऊ बोटीवर असतो, चवथीला म्हणून सुट्टी घेऊन आला, येऊन वीसेक दिवस झाले. पंचमीपासून ताप धरलाय, 103 पर्यंत जातो, डोळ्यांच्या मागे ठणकतं, पाठ कंबर तर विचारूच नका. तिसऱ्या दिवशी जवळच्या एका लॅबमध्ये नेलं, त्यांनी कार्ड टेस्ट केली, एनएस1 निगेटिव्ह, आयजीएमची रेघ पुसट, आयजीजी ठळक, आणि खाली मोठ्या अक्षरात डेंग्यू पॉझिटिव्ह. प्लेटलेट 92 हजार. काल मन मानेना म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये नेलं तर तिथे एनएस1 निगेटिव्ह, आयजीएम पण निगेटिव्ह, फक्त आयजीजी पॉझिटिव्ह, आणि शेरा काय तर जुना संसर्ग. एका दिवसात ताजा डेंग्यू जुना कसा झाला? दोघांपैकी कोण चुकतंय ते तरी सांगा. घरात वहिनीला चौथा महिना चालू आहे, त्यामुळे जीव आणखीच टांगणीला लागलाय.

फोंड्याचा_डॉक्टर | सकाळी 9:05

ताई, रिपोर्टचं नंतर बघू, आधी पेशंट. पोटात सतत दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत असं आहे का, हिरड्यांतून नाकातून रक्त, लघवी कमी झालीय, सुस्ती किंवा चिडचिड? यातलं एकही असेल तर हा धागा वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नका, डेंग्यूत ताप उतरतानाचे एकदोन दिवसच जपायचे असतात, रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं ते तेव्हाच. तापाला फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन अ‍ॅस्पिरिन नको आणि कंबर दुखते म्हणून कोणी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देत असेल तर नाही म्हणा. प्लेटलेटबरोबर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, बघा, तो चढत असेल तर प्लेटलेटपेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटते.

वाळवंटीकाठ | सकाळी 9:20

रक्तबिक्त नाही डॉक्टर, काल दोनदा उलटी झाली, पेज आणि शहाळ्याचं पाणी पोटात राहतंय. आज सरकारी हॉस्पिटलात नेतोच आहोत.

मायक्रोवाली | सकाळी 9:48

वाळवंटीकाठ ताई, मी गेली 19 वर्षं एका सरकारी लॅबमध्ये याच टेस्ट लावते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन प्रश्नांची उत्तरं मात्र मला आधी हवीत.

पहिला, ताप नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला? अंदाजे नको. दुसरा, भाऊ तारवटी आहे म्हणजे यलो फीवरची लस घेतलेली असणार, ते पिवळं कार्ड घरात असेल ते काढा आणि लस कधी घेतली बघा.

हे का विचारते ते सांगते. डेंग्यूचा विषाणू रक्तात असतो तो पहिले पाच, फार तर सात दिवस. एनएस1 हे विषाणूचंच प्रोटीन, तेही पहिल्या दिवसापासून सापडतं पण पाचव्या दिवसानंतर भरवसा कमी होत जातो. आयजीएम ही शरीराने तयार केलेली अँटीबॉडी, ती चौथ्या पाचव्या दिवसाच्या आधी सहसा दिसतच नाही आणि मग दोनतीन महिने रेंगाळते. आयजीजी पहिल्यांदाच डेंग्यू झाला असेल तर आठवड्याने उगवते, पण पूर्वी कधी होऊन गेला असेल तर दुसऱ्या खेपेला दोनतीन दिवसांतच धो धो वाढते, आणि अशा वेळी दोन घोटाळे होतात. आधीच्या अँटीबॉडी एनएस1ला चिकटून बसतात म्हणून तो कार्डवर सापडत नाही, आणि आयजीएम कमी बनते म्हणून तिची रेघ पुसट येते किंवा येतच नाही. म्हणजे तुमचे दोन्ही रिपोर्ट एकाच माणसाचे, एकाच आजाराचे असू शकतात. पुसट रेघ एकाने वाचली, दुसऱ्याच्या कार्डवर तेवढीही उठली नाही. कार्ड डोळ्याने वाचायचं असतं आणि कंपनीगणिक त्याची पकड वेगळी.

मला राग त्या शेऱ्यांचा आला. नुसत्या आयजीजीवर जुना संसर्ग लिहून मोकळं होणं हे बरोबर नाही, आणि पुसट रेघेवर मोठ्या अक्षरात पॉझिटिव्हही नाही. आणि दोघांपैकी एकानेही तापाची तारीख विचारली का?

वाळवंटीकाठ | सकाळी 10:02

नाही विचारली. नाव, वय, फोन आणि पैसे. पहिल्या लॅबने तर कार्ड कोणत्या कंपनीचं तेही रिपोर्टवर लिहिलेलं नाही. पण यलो फीवरच्या लसीचा डेंग्यूशी काय संबंध?

मायक्रोवाली | सकाळी 10:31

खूप संबंध आहे. डेंग्यू, झिका, यलो फीवर, जपानी मेंदूज्वर म्हणजे जेई, वेस्ट नाईल, हे सगळे एका कुळातले, फ्लेविव्हायरस. यांच्या अंगावरचं जे ई प्रोटीन असतं त्याचा काही भाग सगळ्यांत जवळजवळ सारखा, भावाभावांची नाकं सारखी असतात तसा. शरीर त्या सारख्या भागावरही अँटीबॉडी बनवतं, मग एकाविरुद्ध बनलेली अँटीबॉडी दुसऱ्याच्या टेस्टमध्येही जाऊन चिकटते. लस सुद्धा जिवंत पण दुबळा केलेला यलो फीवरचा विषाणूच असते. म्हणून तुमच्या भावाची ती ठळक आयजीजी तीन वाटांनी आलेली असू शकते, पूर्वी न कळत होऊन गेलेला डेंग्यू, वास्कोला पोर्टवर घेतलेली लस, किंवा आत्ताचाच आजार. नुसत्या रेघेवरून तो फरक कोणालाच कळणार नाही, मलाही नाही.

न कळत होऊन गेलेला म्हणाले ते उगाच नाही. आयसीएमआरने 2017-18 मध्ये 15 राज्यांत 5 ते 45 वयाच्या लोकांचं रक्त तपासलं तेव्हा 48.7 टक्के लोकांत डेंग्यूची आयजीजी होती. यातल्या कितीतरी जणांना आपल्याला कधी डेंग्यू झाला हे माहीतही नसणार.

पेडण्याहून | सकाळी 10:50

मध्येच विचारते, माझ्या मुलीला जेईची लस दिलीय, तिला उद्या ताप आला तर डेंग्यूची टेस्ट चुकीची येणार का? आता मला भीतीच वाटायला लागली.

मायक्रोवाली | सकाळी 11:04

घाबरू नका, लस दिलीत ते उत्तम केलंत. गोव्यात जेईची साथ 1982 मध्येच येऊन गेलीय आणि भातशेती, बगळे, डुकरं हे सगळं आपल्याकडे आहेच, जेई पसरवणारा क्युलेक्स डास शेतातल्या पाण्यात वाढतो. एनएस1 आणि पीसीआरला लसीची बाधा नाही, ते विषाणूलाच शोधतात. अँटीबॉडीची टेस्ट करताना मात्र फॉर्मवर लस दिल्याचं लिहा, महिन्यासकट. मेंदूज्वराचा पेशंट असेल तेव्हा आम्ही जेई आणि डेंग्यू दोन्ही प्लेटी शेजारी शेजारी लावतो आणि रीडिंग कुठे ठळक जास्त आहे ते बघतो, आणि रक्तापेक्षा पाठीच्या कण्यातल्या पाण्यातली आयजीएम जास्त बोलकी, कारण ती मेंदूतल्याच संसर्गाची खूण असते.

बार्शीवाला_वास्कोत | सकाळी 11:30

चिकनगुनिया राहिला की. मी मूळचा बार्शीचा, 1973 मध्ये आमच्याकडे चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, वडील सांगायचे की घरटी एक माणूस वाकून चालायचा. नंतर तो तीस वर्षं गायब झाल्यासारखा होता आणि 2005-06 ला परत उसळला. यांच्या भावालाही कंबर सांधे दुखतायत, तो पण याच कुळातला का?

मायक्रोवाली | सकाळी 11:41

नाही दादा, चिकनगुनिया वेगळ्या कुळातला, अल्फाव्हायरस. डास तोच एडिस, तापही तसाच, पण अँटीबॉडीची गल्लत डेंग्यूशी होत नाही, म्हणून आपल्याकडे चिकनगुनियाची आयजीएम आली तर मला डेंग्यूपेक्षा जास्त खात्री वाटते. दोन्ही एकदम झालेले पेशंटही बघितलेत, त्यामुळे एक आला म्हणून दुसरा नाही असं धरायचं नाही. वाकून चालण्याचं तुम्ही बरोबर लिहिलंत, टांझानियाच्या मकोंडे लोकांच्या भाषेतला तो शब्द आहे, त्याचा अर्थच वाकवणारा असा.

सत्तरीकर | दुपारी 12:15

आमच्या सत्तरीत माकडताप आहे तोही याच घराण्यातला ना? 2015 ला पाळी गावात पहिल्यांदा आला तेव्हा सुरुवातीला सगळे डेंग्यू डेंग्यूच म्हणत होते. माझे काका काजूच्या बागेत जायचे, ताप आला, प्लेटलेट खाली, कार्ड टेस्ट निगेटिव्ह, आणि साधा व्हायरल म्हणून घरी पाठवलं. आठ दिवस वाया गेले. ते बरे झाले पण ते आठ दिवस काकूने कसे काढले ते मी बघितलंय.

फोंड्याचा_डॉक्टर | दुपारी 12:40

हो, तोही फ्लेविव्हायरस, फक्त डासातून नाही, गोचिडीतून येतो. शिमोग्यात 1957 मध्ये सापडला, क्यासनूर जंगलावरून नाव. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे आपला काजूचाच. त्याची टेस्ट वेगळी मागावी लागते, सुरुवातीच्या दिवसांत पीसीआर आणि नंतर आयजीएम एलिसा, डेंग्यूच्या कार्डवर तो सापडणार नाही. म्हणूनच मी प्रत्येक तापाच्या पेशंटला विचारतो रानात गेला होता का, मेलेलं माकड कुठे बघितलं का. पावसाळ्यात त्याऐवजी विचारतो शेतात चिखलात उतरला होता का, कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, विसरून चालत नाही, आणि मलेरियाची स्लाइड तर हवीच.

वाळवंटीकाठ | संध्याकाळी 6:25

हॉस्पिटलातून लिहितेय. दाखल करून घेतलं, प्लेटलेट 61 हजार, सलाइन चालू आहे, हिमॅटोक्रिट ठीक आहे म्हणाले. मलेरिया निगेटिव्ह. रक्त आणि लघवी दोन्ही घेतलं.

आणि मायक्रोवाली, तुमची तारीख. फॉर्म भरताना मी पंचमी सांगितली तर आई मागून म्हणाली पंचमी नव्हे गो, तयेच्या दिवशी, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, तो माटोळी बांधायला उठलाच नाही, अंग गरम होतं, मी कॅलेंडरवर दुधाच्या खुणेशेजारी ताप लिहून ठेवलाय. आम्ही समजत होतो की नुसता थकलाय. चवथीला गोळी घेऊन पूजेला बसला आणि पंचमीला पडला, म्हणून आमच्या डोक्यात पंचमी. घरी फोन करून शेजारच्या पोराला कॅलेंडरचा फोटो पाठवायला सांगितला, खरंच लिहिलंय.

पिवळं कार्डही सापडलं, लस सहा वर्षांपूर्वीची.

मायक्रोवाली | संध्याकाळी 6:50

आईला माझा नमस्कार सांगा. या दोन दिवसांनी सगळं बदललं. पहिलं कार्ड तुम्ही तिसरा दिवस म्हणत होता तो पाचवा निघाला, दुसरं सहाव्या दिवसाचं, आज सातवा. तिसऱ्या दिवशी एनएस1 निगेटिव्ह आणि पाचव्या दिवशी निगेटिव्ह यांचा अर्थ एक नाही. तिसऱ्या दिवशीची पुसट आयजीएम मला खोटी वाटली असती, पाचव्या दिवशीची खरी वाटते.

आता मॅक-एलिसा होईल, म्हणजे आयजीएम शोधायची प्लेटवरची टेस्ट. सरकारी हिशेबात कार्डवर पॉझिटिव्ह आलेला पेशंट संशयितच धरतात, पक्का म्हणायला एनएस1 एलिसा किंवा मॅक-एलिसा लागते, तिचं किट पुण्याच्या एनआयव्हीतून, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेतून येतं. कशी करतो तेही लिहिते, लोकांना वाटतं मशीनमध्ये रक्त घातलं की चिठ्ठी बाहेर. 96 खळग्यांची प्लेट असते, प्रत्येक खळग्याच्या तळाशी माणसाची आयजीएम पकडणारा थर. पेशंटचं सीरम शंभर पट पातळ करून घालायचं, तासभर 37 डिग्रीला. धुवायचं. मग डेंग्यूचं अँटिजेन, म्हणजे अँटीबॉडी ज्याला चिकटते तो विषाणूचा भाग, परत तास, परत धुवायचं. मग त्याला चिकटणारी खुणेची अँटीबॉडी, मग एन्झाइम, दर वेळी धुणं आलंच आणि धुण्यात कुचराई झाली की सगळी प्लेट रंगते. शेवटी सब्स्ट्रेट, म्हणजे रंग उठवणारं द्रावण, घातला की पॉझिटिव्ह खळगे निळे व्हायला लागतात, आम्ही घड्याळ लावून बसतो, वेळ झाली की अ‍ॅसिड घालायचं, निळ्याचं पिवळं होतं आणि मग रीडरवर 450 नॅनोमीटरला वाचायचं. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे पॉझिटिव्ह असल्याचं आधीच माहीत असलेला नमुना, नीट आला नाही तर सगळं परत पहिल्यापासून, कितीही नातेवाईक बाहेर उभे असले तरी. म्हणून रिपोर्टला दिवस लागतो, कृपा करून खिडकीवरच्या मुलीवर ओरडू नका.

झुआरीपल्याड | रात्री 8:10

मी मायक्रोबायोलॉजी शिकतेय. मॅडम, पण मॅक-एलिसातही क्रॉस-रिअ‍ॅक्शन येणारच ना? मग शेवटचा निकाल पीआरएनटीनेच लावायचा?

मायक्रोवाली | रात्री 8:44

येते, म्हणजे एकाची अँटीबॉडी दुसऱ्याच्या टेस्टमध्ये चिकटते, आयजीजीपेक्षा कमी पण येते. पीआरएनटीबद्दल तू वाचलंयस म्हणजे तत्त्व माहीत असेल, इतरांसाठी लिहिते. व्हेरो नावाच्या माकडाच्या किडनीच्या पेशी थर करून वाढवायच्या, त्यावर जिवंत विषाणू सोडला की तो जिथे पेशी मारतो तिथे पांढरी भोकं पडतात, त्यांना प्लाक म्हणतात. आता विषाणू सोडण्याआधी त्यात पेशंटचं सीरम वेगवेगळ्या पातळपणाचं मिसळायचं, आणि बघायचं की किती पातळ केलं तरी भोकं 90 टक्के कमी होतात, काही ठिकाणी 50 टक्क्यांवर मोजतात. डेंग्यूविरुद्धचा आकडा झिकाच्या चौपट किंवा जास्त आला तर डेंग्यू. या टेस्टमध्ये नुसतं चिकटणं नाही, विषाणूला खरोखर अडवणं मोजलं जातं, म्हणून ती जास्त नेमकी.

पण जिवंत विषाणू हाताळायचा, तसली सुरक्षित लॅब हवी, आठवडा लागतो. आणि ज्याला आधी एक फ्लेविव्हायरस होऊन गेलाय त्याच्यात तीही गोंधळते, शरीर जुन्याच शत्रूविरुद्धच्या अँटीबॉडी आधी बाहेर काढतं. आपल्या देशात असे लोक किती ते वर लिहिलंच. पुण्याच्या संस्थेने 1952 मध्ये, तेव्हा तिचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर होतं, लोकांच्या रक्तात झिकाला अडवणाऱ्या अँटीबॉडी शोधल्या होत्या, आणि तो खरा झिका की दुसऱ्याच कुणाची छाया हा वाद आजही आहे. पीसीआरने पक्के झालेले झिकाचे पेशंट जाहीर व्हायला 2017 उजाडलं, अहमदाबादचे. तेव्हा मुली, परीक्षेत गोल्ड स्टँडर्ड लिही, पण कामाला लागलीस की पेशंटला तारीख विचारायची सवय लाव.

वाळवंटीकाठ | रात्री 9:15

झिकाचं नाव दोनदा वाचलं आणि पोटात गोळा आला. वहिनीचं काय?

फोंड्याचा_डॉक्टर | रात्री 9:40

विचारलंत ते बरं केलंत. 2021 ला पुरंदरच्या बेलसरमध्ये महाराष्ट्रातला पहिला झिका सापडला आणि 2024 च्या पावसाळ्यात पुण्यात बरेच, त्यांत गरोदर बायकाही होत्या, म्हणजे आपल्यापासून लांबची गोष्ट नाही. झिकाचा ताप सहसा सौम्य असतो, पुरळ, लाल डोळे, प्लेटलेट अशा कोसळत नाहीत, त्यामुळे भावाचं चित्र मला डेंग्यूचंच वाटतं. पण वाटण्यावर गरोदर बाईच्या बाबतीत थांबायचं नाही. लघवी घेतलीय ती त्याचसाठी, झिकाचा विषाणू रक्तातून गेला तरी लघवीत दोन आठवड्यांपर्यंत सापडू शकतो. झिका डासाशिवाय नवराबायकोच्या संबंधातूनही जातो, तेव्हा रिपोर्ट येईपर्यंत ते टाळायचं. वहिनींना ताप किंवा पुरळ आलं तर त्याच दिवशी दाखवा, आणि त्यांच्या बाईडॉक्टरला आजच फोन करून घरात काय चाललंय ते सांगून ठेवा. मच्छरदाणी दिवसासुद्धा, एडिस दिवसाचा चावतो.

वाळवंटीकाठ | तीन दिवसांनंतर, दुपारी 4:05

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. डेंग्यूची मॅक-एलिसा पॉझिटिव्ह आली. चिकनगुनियाची निगेटिव्ह, जेईची पण निगेटिव्ह. झिकाचा पीसीआर रक्त आणि लघवी दोन्ही निगेटिव्ह, तो कागद मी वहिनीच्या हातात दिला तेव्हा ती रडली. प्लेटलेट 1 लाख 10 हजार, ताप दोन दिवस नाही, उद्या घरी सोडतील बहुतेक. पण डेंग्यूचा पीसीआर सुद्धा निगेटिव्ह आलाय, मग एलिसा पॉझिटिव्ह कशी? आईला आता परत शंका यायला लागलीय.

आणि आरोग्य खात्याची माणसं घरी येऊन गेली. मागच्या पडवीत चवथीसाठी आणलेले नारळ सोलून करवंट्या टाकल्या होत्या, तीन करवंट्यांत अळ्या वळवळत होत्या, टॉर्च मारून दाखवल्या मला. रोज तिथून ये-जा करते मी.

मायक्रोवाली | संध्याकाळी 5:20

किती बरं वाटलं वाचून. आईंना सांगा, रक्त घेतलं तो सातवा दिवस होता, तोवर विषाणू रक्तातून निघून गेलेला असतो, म्हणून पीसीआर रिकामा आणि आयजीएम भरलेली. कॅलेंडरवर जे लिहिलंय त्याच्याशी हे अगदी जुळतं. पाचव्या दिवसाच्या आत पीसीआर झाला असता तर डेंग्यूच्या विषाणूच्या चार प्रकारांपैकी, म्हणजे सीरोटाईपपैकी, कोणता तेही कळलं असतं, ती संधी गेली. ते कळणं महत्त्वाचं अशासाठी की पुढे दुसऱ्या सीरोटाईपचा डेंग्यू झाला तर तो जास्त जड जाऊ शकतो. त्यामुळे भावाच्या फाइलवर वरच लिहून ठेवा, डेंग्यू एलिसा पॉझिटिव्ह, या साली, या दिवशी ताप सुरू, आणि यलो फीवरची लस अमुक साली. तो बोटीवर कुठल्याही बंदरात आजारी पडला तर तिथल्या डॉक्टरला याचा उपयोग होईल.

एक काम बाकी आहे. पहिल्या सॅम्पलनंतर चौदा दिवसांनी दुसरं रक्त द्यायला सांगितलंय का? नसेल तर तुम्ही विचारा. जोडीची दोन सॅम्पल एकाच दिवशी एकाच प्लेटवर लावून आयजीजी किती चढली ते बघितलं की जुनी की ताजी हा तुमचा पहिला प्रश्न बराचसा सुटेल. लसीची आयजीजी इतकी उसळी मारत नाही.

सत्तरीकर | संध्याकाळी 5:45

ताई, भाऊ बरा होतोय, देवाक काळजी. या धाग्याची प्रिंट काढून आमच्या वाड्यावरच्या दुकानात लावू का? काजूच्या हंगामाआधी लोकांनी तारखेचं तेवढं वाचलं पाहिजे.

वाळवंटीकाठ | रात्री 8:30

लावा दादा, नक्की लावा. दुसऱ्या सॅम्पलची चिठ्ठी मिळाली, पुढच्या महिन्यातली तारीख पडलीय. करवंट्या सगळ्या जाळल्या, ड्रमला कापड बांधलं. आणि कालनिर्णयचं पान महिना संपला तरी उलटायचं नाही असं आईने बजावलंय, दुसरं रक्त देऊन होईपर्यंत ते तसंच राहणार.